असिमीनाबाईंचे चावरे बूट

त्रिकाला, १२ फेब्रुवारी २०१८

चि. फोतिनी हिस स्टेर्योस मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि तू बोलतेस भरभर, म्हणून पत्र. समोरच्या असिमीनाबाईंनी परवा बूट आणून माझ्या टेबलावर आपटले. तीन वर्षांतला तिसरा जोड! म्हणे चावतात. अगं, अठरा वर्षं या बाईच्या पायाचा लाकडी साचा माझ्या फळीवर आहे. त्यावर तिचं नाव कोरलंय, दर ईस्टरला त्याच साच्यावर तिचे नवे बूट होतात. आणि ती बाजारभर सांगत फिरते की स्टेर्योसचा हात गेला. तिचं काय, गेल्या महिन्यात सोनाराशीही भांडली, उजळायला दिलेली अंगठी त्याने लहान करून दिली म्हणून.

पण पोरी, खरं सांगू? मला भीती वाटायला लागली आहे. या ईस्टरचे बूटही चावले तर मी दुकान बंद करणार. हात गेल्यावर लोकांच्या पायांशी खेळू नये.

तू तिथे थेस्सलोनिकीत नेमकं काय करतेस? तुझी आई म्हणते, लोकांच्या डोक्यातला वाटाणा बघतेस. सविस्तर लिही. आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मामा

थेस्सलोनिकी, २० फेब्रुवारी

ती. मामांस फोतिनीचा सा. न. वि. वि.

आई अगदीच चुकलेली नाही. मेंदूच्या खाली पीयूषिका नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते, डॉक्टर तिला पिट्यूटरी म्हणतात. तिच्यात कधीकधी गाठ होते. बहुतेकदा ती कर्करोगाची नसते, पण भारी उपद्व्यापी असते. आम्ही त्या गाठीपेक्षा तिचा शेजार तपासतो. पहारा द्यायला आलेल्या पेशी तिच्याच दारात खुर्च्या टाकून कॉफी पीत बसतात, रक्तवाहिन्या घरपोच सामान पोचवतात, आणखी काही पेशी भिंती बांधून देतात. एकटी काढून बशीत ठेवली की बाईसाहेब मलूल. शेजारी कळल्याशिवाय गाठ कळत नाही, असं आमचे सर म्हणतात. ते वाक्य मी टेबलासमोर चिकटवलं आहे.

तुम्ही आधी डोळे तपासून घ्या. असिमीना मावशींचे पाय सुजत असतील, त्यांना म्हणावं खारं चीज कमी खा. आणि दुकान बंद करण्याच्या गोष्टी नकोत. मामींना नमस्कार. आमच्यावर नजर असू द्या.

आपली फोतिनी

त्रिकाला, ३ मार्च

चि. फोतिनी हिस अनेक आशीर्वाद.

चष्मा केला. मग अठरा वर्षांत पहिल्यांदा असिमीनाबाईंचा पाय कागदावर ठेवून माप घेतलं. इतकी वर्षं का घेतलं नाही? गर्व, दुसरं काय! नाव कोरलेला साचा असताना पुन्हा माप घेणं मला कमीपणाचं वाटायचं.

साचा सदतीस, पाय साडेएकोणचाळीस! फीत खोटी असेल म्हणून स्वतःचा पाय मोजला. बूट न्यायला पाद्रीबाबा आले होते, त्यांचाही मोजला. दोन्ही बरोबर. सूज म्हणावी तर दाबून खड्डा पडत नाही. बाई म्हणाली, तू कागद तिरका धरलास. मी रागाच्या भरात बोलून गेलो की बाई, पायाबरोबर तुझं नाकही वाढलंय आणि आवाज पाद्रीबाबांसारखा झालाय. तिने तोच बूट फेकून मारला. नेम चांगला आहे.

साठीच्या बाईचा पाय वाढतो का कुठे? माझंच चुकतंय. ईस्टरनंतर दुकान बंद, अशी पाटी लिहून ठेवली आहे. अक्षर वाकडं आलं, तोही एक पुरावाच. या म्हाताऱ्याला विसरू नकोस.

मामा

थेस्सलोनिकी, ६ मार्च

ती. मामांस सा. न.

तुमची भाची गाढव आहे. पत्र प्रयोगशाळेत उभ्याने वाचलं आणि तशीच डॉक्टरांकडे धावले. पाय, अंगठी, नाक, आवाज! ज्या गाठीतून वाढीचं संप्रेरक जास्त झिरपतं आणि मोठेपणीही हात, पाय, नाक वाढत राहतं, तिच्या पेशी मी चार वर्षं रोज बघते. आणि तुमच्या समोरच्या दारातली बाई मला दिसली नाही, तीही शेजाऱ्यांवर एवढं लंबंचवडं लिहून! मला माझीच लाज वाटते.

तपासल्याशिवाय काही खरं नाही, पण शंका दाट आहे. मावशींना गुरुवारच्या बसने पाठवा, मी डॉक्टरांशी बोलले आहे. त्रास कधीपासून, ते डॉक्टर विचारतील. पहिला जोड चावला ती तारीख मावशींच्या हाती लिहून द्या. नाकाचा न सुद्धा काढू नका.

आणि ती पाटी फाडा, मामा. तुमचा हात गेलेला नाही. रागावू नका, लोभ ठेवा.

फोतिनी

त्रिकाला, १७ ऑगस्ट

चि. फोतिनी हिस असिमीना मावशीचे आशीर्वाद.

जूनमध्ये नाकावाटे डोक्यातली गाठ काढली हे तुला ठाऊकच आहे. एवढं नाक वाढलं ते तेवढ्याला तरी उपयोगी पडलं! संशोधनासाठी तुकडा द्याल का, असं तुझ्या सरांनी विचारलं. मी म्हटलं, घ्या, पण ते कॉफी पिणारे शेजारीही उचलून न्या. आता अंगठी बोटात फिरते. पाय मात्र लहान व्हायचा नाही, हाड वाढलं ते वाढलं, असं डॉक्टर म्हणाले.

ज्या ज्या दुकानात तुझ्या मामाची बदनामी केली होती, तिथे तिथे जाऊन मी शब्द मागे घेतले. मेला मागेमागे आला, ऐकायला! खाटकाकडे दोनदा बोलायला लावलं, नीट ऐकू आलं नाही म्हणे. त्याने माझा नवा साचा कोरला. दुकान जोरात चालू आहे.

परवा मरियामातेच्या सणाला नवे बूट घालून चर्चला चालत गेले. जाताना चावले नाहीत, येताना चावले नाहीत. घरी येऊन बूट काढले आणि मला रडूच फुटलं. नवरा जाऊन वीस वर्षं झाली. आठवड्यातून तीनदा हक्काने भांडायला जावं असं तुझ्या मामाचं एकच दार होतं. तिथे मामी कॉफी टाकायची, मग आम्ही तिघं बसायचो. आता बूट चावत नाहीत, तर काय निमित्त सांगून जाऊ? तुम्ही शिकलेली माणसं, काही सुचलं तर लवकर कळव.

लोभ आहे तो असाच राहू दे, आणि उत्तर शनिवारच्या आत धाड.

तुझी असिमीना मावशी