भिंतीवरची गेरूची रेघ

१४ नोव्हेंबर २००८, बदलापूर

मोजणीवाला येऊन गेला. आपलं घर पूररेषेच्या आत धरणार, म्हणजे वरची खोली बांधता येणार नाही. लेकीला कायमचं इथे आणायचं होतं, त्यासाठीच ती खोली.

"मावशी, पाणी कुठवर आलेलं?" त्याने विचारलं. मी भिंतीवरची रेघ दाखवली. पूर ओसरल्यावर ह्यांनी गेरूने ओढलेली. ते गेल्यापासून दर दिवाळीला चुना देताना मी तेवढी रेघ सोडते.

शेजारच्या कमलताई म्हणाल्या, "वहिनी, गुडघाभर सांगायचं ना. तुम्ही तर पुरावाच जपून ठेवलात."

खरंच, का नाही पुसली? रडूही येत नाही. लेकीला अजून फोन केलेला नाही. संध्याकाळी रेघेजवळ उभी राहिले. माझ्या खांद्याला लागते. ओढताना ती ह्यांच्या छातीशी होती.