उलटा फिरणारा पंखा

बुधवार, १४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार, पोरींना पापा. खोकला थांबला का? आमच्याकडे सगळं ठीक आहे. मागच्या पत्रात हेच लिहिलं होतं, तेव्हा ते खोटं होतं. आज खरं आहे.

ह्यांचं पिणं सुटलं का, असं तू विचारलंस आणि मी उत्तर टाळलं. काय लिहिणार? कारखान्यातून यायचे ते झोकांड्या खात, जीभ जड. एकदा तर लेकीचं नाव आठवेना. "थेंबालाही शिवलो नाही गं," म्हणायचे; मी तोंड फिरवायची. वासावरून ओळखावं, तर त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत बसून माझं नाक केव्हाच मेलंय.

परवा ह्यांच्याच खात्यातला नमुना माझ्याकडे आला. तिथे प्लास्टिकवर लेप चढवून भट्टीत सुकवतात, मग हे त्याचे रोल गुंडाळतात. आमचं यंत्र लेपावर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकतं. कुठला प्रकाश किती शोषला गेला, त्यावरून लेपात पॉलिमर किती आणि त्याला पातळ करणारं द्रावक किती, ते कळतं. सुकल्यावर द्रावक नावालाच उरायला हवं. आलेख बघून मी चरकले. पुन्हा मोजलं. पॉलिमर बरोबर, द्रावक भरमसाट! रोल गुंडाळताना ते उडणार, आणि शेजारी बसलेल्याच्या छातीत जाऊन दारूसारखंच डोक्यात चढणार.

तशीच धावत सुटले.

"लाइन बंद करा!"

"बाई, ऑर्डर अडेल," सुपरवायझर म्हणाला.

"अडू दे. माणसं बाहेर काढा आधी."

वायरमनने भट्टीची वाफ बाहेर ओढणारा पंखा तपासला. दुरुस्तीनंतर वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. पंखा फिरत होता, पण उलटा; वाफ आतच कोंडत होती. फिरतोय म्हटल्यावर कोण बघतंय?

डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं. मोकळ्या हवेत राहिले की होतील पूर्ववत. आज सकाळी ह्यांनी लेकीची वेणी घातली. वाकडीच, पण हात थरथरला नाही.

मी माफी मागायला गेले तर म्हणाले, "तुझं काय घेऊन बसलीस, मलाच माझा भरवसा उरला नव्हता."

ताई, एक ह्यांना सांगितलेलं नाही. लेकीला घेऊन मी कायमची तुझ्याकडे निघाले होते. बॅग भरलेली होती. काल हे मोकळ्या हवेत फिरायला गेले असताना सगळे कपडे परत कपाटात लावले.

सुट्टीत येऊ. तिघंही, आणि चार दिवसांपुरतेच.

स्वतःच्या घरी सुखरूप असलेली,
तुझी बारकी