रायफली कुणाला द्याव्यात

बाई, माझ्याकडे सात रायफली होत्या, हे तुम्हाला कधी कळलंच नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी इकडे पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, पामर्स्टन नॉर्थला नुकती आले होते, हॉस्पिटलच्या फार्मसीत नवी होते, आणि पहिली रायफल घ्यायला अजून पुष्कळ अवकाश होता. साताऱ्याच्या शाळेत तुम्ही शिकवलेला इतिहास मी विसरले. आठवते ती एनसीसीची रेंज: खाकी साडीचा पदर कमरेला खोचून तुम्ही ताडपत्रीवर पालथ्या पडताय, मागे पोरी तोंड दाबून हसताहेत, आणि पहिली गोळी सुटल्यावर कुणीच हसत नाही. इथल्या क्लबात मी पहिल्यांदा तशी पालथी पडले, दस्ता गालाला लागला आणि तेलाचा तोच वास आला. मग एकेक जमत गेल्या. सगळ्या जुन्या, लाकडी दस्त्याच्या, फक्त निशाण्यावर मारायच्या. कुणा शेतकऱ्याच्या बायकोने नवरा गेल्यावर विकलेली, कुणाच्या आजोबांची. शिकारीला मी कधी गेले नाही. रविवारी त्या पुसत बसायचं, एवढंच. इथल्या मराठी मंडळात बायका साड्यांविषयी बोलायला लागल्या की माझा नवरा म्हणायचा, "हिचं कपाट बघायचं असेल तर आधी पोलिसांना विचारा."

माझी लेक सतरा वर्षांची आहे. इथेच जन्मली, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. या हिवाळ्यात ती हळूहळू गप्प झाली. आधी नेटबॉल सुटला, मग मैत्रिणी, मग जेवण. एक दिवस तीच म्हणाली, मला डॉक्टरकडे ने. तिथे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की सकाळी उठावंसं वाटत नाही, आणि कधी कधी वाटतं की कायमचंच उठू नये. मी शेजारच्या खुर्चीत होते. दुधाची ॲलर्जी आहे का असं विचारावं तशा आवाजात डॉक्टरांनी मला विचारलं, घरात बंदूक आहे का? मी म्हणाले, सात आहेत. आणि मग घाईघाईने, तिजोरीत आहेत, किल्ली माझ्याकडेच असते, पोलीस येऊन तपासून गेलेत. त्या म्हणाल्या, "कुलूप चांगलंच. पण घरात नसणं जास्त चांगलं." मला राग आला, बाई. माझ्यासारख्या काटेकोर बाईला हे ऐकवावं? तेव्हा तुमचं रागावणं आठवलं. मैत्रिणीच्या विनोदावर हसता हसता मी रायफलसकट वळले होते. रायफल रिकामी होती, मी काही कुणावर रोखली नव्हती, आणि तेच मी तुम्हाला सांगायला लागले. तुम्ही ती माझ्या हातातून काढून घेतलीत आणि म्हणालात, "तुझ्या मनात काय होतं ते मला नको सांगूस. नळी कुणाकडे होती ते सांग." कॅम्प संपेपर्यंत मी गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचत होते. डॉक्टरांच्या खोलीत मी तुमच्या त्या प्रश्नाचं मनातल्या मनात उत्तर दिलं आणि राग उतरला.

त्याच संध्याकाळी क्लबातले एक वयस्कर मित्र त्यांची यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, घेऊन आले आणि सातही रायफली, गोळ्या, सगळं रीतसर नोंदवून स्वतःच्या तिजोरीत ठेवायला घेऊन गेले. "टेक युअर टाइम," म्हणाले. तो मी घेतलाच. एकदा त्या घराबाहेर पडल्यावर कशा विकायच्या याचा विचार करणं मला आवडायलाच लागलं. लिलावात दिल्या तर कुणाच्या हाती पडतील सांगता येत नाही. दुकानदार सगळ्या एकदम घेईल, पण त्याला त्या सारख्याच. त्यापेक्षा क्लबात एकेकीसाठी माणूस शोधावा, हळुवार हाताचा, तेलपाणी करणारा. मी याद्या करत बसले, लोकांना फोन करत बसले. नवरा म्हणायचा, "अगं, पत्रिका पण जुळवणार आहेस का?" सगळ्यांत जुनी होती ती अक्रोडाच्या दस्त्याची, तिला तर कुणीच पसंत पडेना. एका सकाळी मित्राला फोनवर म्हणाले, ही एवढी राहू दे तुमच्याकडे. पोरीला बरं वाटायला लागलं की परत नेईन.

लेक ओट्यापाशी टोस्टला पीनट बटर लावत होती.

"मॉम, सो इट्स वेटिंग फॉर मी टू गेट बेटर?"

"तसं नाही गं."

"बट इट इज." तिने सुरी चाटली. "आय गेट बेटर, यू गेट युअर गन बॅक. स्वीट. नो प्रेशर."

ती हसलीसुद्धा, पुष्कळ दिवसांनी, आणि ते हसू मला बघवेना. तिच्या बरं होण्याची वाट बघणारे आधीच कमी नव्हते: मी, तिचा बाबा, शाळा, पुण्याहून रोज व्हिडिओ कॉल करणारी आजी. आता त्या रांगेत मी एक रायफलही उभी केली होती. आणि ही पोर अशी आहे की केवळ माझ्यासाठी, वेळेआधीच, "आय ॲम फाइन" म्हणून टाकेल. मग खरं काय ते मला कळणार कसं?

दुकानदाराला मी त्याच दिवशी फोन केला. सगळ्या घ्या म्हटलं. मित्राच्या गॅरेजमध्ये तो एकेक रायफल उजेडात धरून बघत होता आणि प्रत्येक दस्त्याशी अडत होता. "व्हॉट्स धिस? रस्ट?" लाकडाला कुठला गंज! ते हळदकुंकू होतं, बाई. खंडेनवमीला तुम्ही शस्त्रांची खोली उघडून रायफली ओळीने मांडायचात, एकेकीला बोट लावायचात, आणि त्या दिवशी कुणी घोड्याला हात लावायचा नाही, असा तुमचा हुकूम. मी इथे दरवर्षी तेच केलं, कामावर जायच्या आधी. तेव्हा इथे वसंत असतो, झेंडू मिळत नाही, म्हणून डॅफोडिल वाहिले. हळद तेलात मिसळून लाकडात उतरली. जुनी वस्तू जपणारा कुणीही असं करणार नाही, हे मला ठाऊक होतं. मी त्याला समजावलं, आमच्याकडे अवजारांना वर्षातून एक दिवस अशी सुट्टी देतात. तो म्हणाला, "डोन्ट टेल माय लॉनमोवर." मग जरा चाचरत, "घासून काढावं लागेल हं. चालेल ना?" मी म्हणाले, घासा.

लेक आता दर आठवड्याला समुपदेशकाकडे जाते. काही दिवस बरे असतात, काही नसतात. नसतात तेव्हा ती तसं सांगते. "रबिश डे," म्हणते, आणि मी "बरं" म्हणून तिच्यापुढे ताट ठेवते. हे दोन शब्द तिला मोकळेपणी म्हणता येतात यावर सध्या आमचं घर उभं आहे. परवा गाडीत तिने मध्येच विचारलं, "डू यू मिस देम?" मी आरशात बघत म्हणाले, "छे गं, केवढी जागा मोकळी झाली!" तिला ते पटलं असावं.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, म्हणूनच लिहिता येतंय. त्या दुकानाची वेबसाइट मी रोज उघडते. पाच गेल्या. अक्रोडाची अजून तिथेच आहे, दस्ता घासून कोरा केलेला, आणि ती आजही विकली गेली नाही हे बघून मला रोज थोडं बरं वाटतं.