मूठभर मीठ

३ मार्च, सोमवार
कुलूप बदललंय! माझ्याच बेकरीचं! जुनी किल्ली घालून वेड्यासारखा खटखट करत उभा राहिलो. आतून धाकटा म्हणतो, "दादा, तू आता आराम कर ना. जागेच्या मालकांशी बोललोय मी. जागा माझ्या नावावर झालीय."
आराम कर! सख्खा भाऊ!

४ मार्च
सगळं कळलं. पोटाच्या ऑपरेशननंतर मी अंथरुणाला खिळलो होतो, तेव्हाच याने मालकाचे कान भरले — दादाच्याने आता भट्टीपुढे उभं राहवत नाही, बेकरी बुडेल, मला द्या. आणि संध्याकाळी माझ्या उशाशी बसून, माझा हात हातात घेऊन, डोळे मिटून प्रार्थना! "प्रभू, माझ्या दादाला बरं कर." अरे, प्रभूचा मुका घेऊन त्याला शत्रूच्या हाती देणाऱ्या शिष्यानेही एकदाच मुका घेतला. हा रोज येत होता!
वडील गेले तेव्हा हा शाळेत होता. माझ्या भट्टीवर वाढला, माझ्या पावावर याचं लग्न झालं. खाल्ल्या मिठाला जागला नाही, हरामखोर! (शब्द खोडणार नाही.)

९ मार्च, रविवार
चर्चमध्ये उपासनेला गेलो. धाकटा पहिल्या बाकावर, भांग पाडून. उपदेश कशावर, तर पेरणी आणि कापणी! पाळकसाहेब म्हणाले, कापणी धन्याच्या हातात आहे, आपण घाई करू नये. मग धनी झोपलाय का? विळा गंजला का त्याचा? प्रार्थनेला सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी नाही घातली. धाकट्याच्या मानेकडे बघत बसलो.
घरी आल्यावर ही म्हणाली, "जेवा आता. किती जळाल?"
जेवलो नाही.

१२ मार्च
माझे ट्रे आणायला बेकरीत गेलो. धाकटा पुढे गिऱ्हाईक बघत होता. मागे मी एकटा, आणि फळीवर खमिराची बरणी. आईने लावलेलं खमीर — रोज पीठपाणी घालून जागवायचं, त्यावरच आमचा पाव फुगतो. अर्धं माझ्याकडे घरी आहे, म्हणजे आईचं काही बुडत नव्हतं.
मूठभर मीठ घातलं. नीट ढवळलं. झाकण लावलं. मिठाने खमीर मरतं, हे आईनेच शिकवलेलं. धाकट्याने कधी पिठात हात घातलाय? त्याला काय कळणार!
मिठाला जागला नाहीस ना? आता त्या मिठातून खमीर जागवून दाखव!
ट्रे घेतले आणि शीळ घालत घरी आलो.

१४ मार्च
पाव दगड! शेजारची शिंपीणबाई सांगत आली, "अहो, दाराला टेकू द्यायला बरा आहे!" पोट धरून हसलो. टाके दुखले. खोटं कशाला लिहू — झकास वाटलं!

१५ मार्च
अजून झकास वाटतंय.

१७ मार्च
धाकटा दारात. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.
"दादा, आईचं खमीर मेलं. माझ्या हातात मेलं. चाखून बघायचीसुद्धा हिंमत झाली नाही रे, ओतून टाकलं. मी तुझा घात केला, म्हणून देवाने मला दाखवलं."
किल्ली टेबलावर ठेवली. मालकाकडेही जाऊन आलाय, जागा पुन्हा माझ्या नावावर.
मी काय म्हणालो? "बस. पाणी घे." एवढंच! पुढे मिठाची गुळणी धरून बसलो.
हवं होतं ते सगळं मिळालं. मग एवढा संताप कशाचा होतोय? धाकट्याचाच! नाक घासत कशाला येतोस? भांड ना माझ्याशी! मार मला!

१९ मार्च
घरचं अर्धं खमीर बेकरीत नेलं. पाव मस्त फुगले. धाकटा मुकाट्याने ट्रे पुसत होता. पावाचा एक तुकडा तोंडात टाकला. मागच्या दाराशी जाऊन थुंकून आलो.

२३ मार्च, रविवार
चर्चमध्ये धाकटा साक्ष द्यायला, देवाने काय केलं ते सांगायला, उभा राहिला. "प्रभूने माझं खमीर मारलं आणि मला जागं केलं."
सगळी मंडळी म्हणाली, आमेन.
मी म्हणालो नाही. उठून उभा राहिलो.
"प्रभूने नाही रे," म्हणालो. "मी मारलं."