खाऱ्या वाऱ्यातला कॉम्प्युटर

१२ मे, सोमवार

मिळाली! पहिली अख्खी ऑर्डर — माझी!

अल्पेशभाई म्हणाले, "पार्ट तू निवडणार, जोडणार पण तूच. आत स्टिकरवर नाव पण तुझंच." दोन वर्षं त्यांच्या या बोरीवलीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात त्यांनी निवडलेले पार्ट मी जोडतेय आणि आत स्टिकर त्यांच्या नावाचा. आता 'कल्पिता'!

गिऱ्हाईक केयूर. इथलाच, गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचा वेडा. तीन स्क्रीन, हातात खरं स्टिअरिंग, पायाशी ब्रेक. "कार्ड सगळ्यात मोठं टाक, यार."

१५ मे, गुरुवार

तीन दिवस याद्याच. तीन स्क्रीन ओढायचे म्हणजे ग्राफिक्स कार्ड तगडं हवं. ते तापणार, म्हणून पुढून जाळीचं कॅबिनेट आणि नऊ पंखे — भरपूर हवा आत. पॉवर सप्लाय हजार वॅटचा. यात काटकसर नाही, ठणकावून सांगितलं केयूरला.

मी मनाशी ठरवलंय, दोन वर्षांत भंगारात जाईल असं काही माझ्या हातून बनणार नाही. हे दुकानात बोलले तर हसतील. इथे लिहिते.

२१ मे

जोडून झाला. पहिल्याच बटणाला चालू! आत स्टिकर लावला, माझ्या नावाचा.

२४ मे, शनिवार

वाट लागली.

केयूरचा फोन. "डिलिव्हरी मढला हं. आमचा बंगला आहे समुद्राला लागून. शनिवार-रविवार तिथेच खेळणार."

मढ! मी जिथे जन्मले तिथे! आमचे दोन टीव्ही खाऱ्या हवेने खाल्ले, खिडकीचे गज दर वर्षी घासतो आम्ही. आणि मी नऊ पंखे लावून तीच हवा आत ओढणारं मशीन बनवलं! कुठे ठेवणार, एवढं एक विचारलं नाही. बोरीवलीचा म्हणजे बोरीवलीतच ठेवणार, असं धरून चालले.

गप्प बसले असते तर वर्षभर चाललं असतं. मग गंज. कोणी मला धरलंही नसतं. पण आत माझं नाव आहे.

अल्पेशभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "तू मढची ना? आणि तूच विसरली?" मग म्हणाले, "खोल परत. कॅबिनेट दुसऱ्या ऑर्डरला लावू. गिऱ्हाइकाशी तूच बोल, मी नाही बोलणार."

एवढंच. ओरडले नाहीत.

२५ मे

केयूर आधी चिडला. "म्हणजे मोठं कार्ड नाही?" म्हटलं, मोठं तापतं, त्याला हवा जास्त लागते, आणि आपल्याला हवाच नकोय. एक पायरी खालचं, थंड चालणारं घेऊ. पंखे चारच, हवा आत येते तिथे बारीक फिल्टर. मशीन एसीच्या खोलीत, खिडकीपासून लांब.

शेवटी म्हणाला, "ठीक आहे. तू तिथली आहेस, तुला कळतं."

३१ मे, शनिवार

उद्यापासून मासेमारी बंद, दोन महिने. बाबांनी बोट वर ओढली. आता ते दिवसभर घरात येरझाऱ्या घालणार आणि आई ओरडणार.

रात्री जेवताना नव्या मशीनचं सगळं सांगितलं. बाबा शाळेत चौथीपर्यंत, पण बोटीवरचा वायरलेस तेच संभाळतात. माझी डिग्री बोटीच्या कागदांसोबत एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलीय त्यांनी. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "आणि सोमवार ते शुक्रवार?"

"बंद असेल."

"बंद ठेवलास तर मरंल. माजा जुना वायरलेस बंदीतच मेला. रोज तास-दोन तास तापला पायजे, मग आतली ओल जाते."

फिल्टर, पंखे, कार्ड, सगळा विचार केला होता मी! हा नाही. अशा बाबांच्या घरात जन्मले, केवढं नशीब.

३ जून

मशीन बंगल्यावर लावून आले. झकास चालतंय! केयूरला बाबांचं म्हणणं सांगितलं. "पण रोज येणार कोण?" तेवढ्यात त्याची आई, वसुधाताई, मला निरखून म्हणाल्या, "तू शांताबाईंची मुलगी ना?" माझ्या आईकडूनच पापलेट घेतात त्या, बारा वर्षं! बंगल्याची किल्ली आईवरच्या विश्वासाने मिळाली.

मी दिवसभर दुकानात. म्हणून रोज दुपारी बाबा जातील. नुसतं चालू ठेवून कार्ड तापत नाही, म्हणून गेम सुरू करून बसायचं, हे बाबांना तिथे बोलावून दाखवलं. केयूर म्हणाला, "काका, खेळलात तरी चालेल हं!" बाबा म्हणाले, "आमाला काय जमतंय!"

९ जून

आई म्हणते, "एक तास सांगितलेलास ना गो? चार तासांनी आला तुजा बाप."

बाबा म्हणाले, "ओल लय हाय हवेत."

१७ जून

बाबांनी वहीचा कागद पुढे केला. "रामचंद्र — इंग्रजीत लिवून दे. मोठ्या अक्षरांत." स्वतःचं नाव इंग्रजीत कशाला? मच्छीमार सोसायटीचा फॉर्म असेल. दिलं लिहून. कागद घडी करून खिशात ठेवला.

हल्ली घरात येरझाऱ्या नाहीत. आईही ओरडत नाही.

२८ जून, शनिवार

केयूरचा फोन. मशीन गेलं वाटलं मला!

"मशीन एकदम मस्त. पण माझा रेकॉर्ड मोडलाय कोणीतरी. पहिल्या नंबरवर रामचंद्र कोण आहे गं?"

बाबा ओट्यावर जाळं शिवत बसले होते. मान काही वर केली नाही.