स्लाइस, डॉड आणि एक निरोप

शनिवार, २ ऑगस्ट

आजपासून स्लाइस बंद. हाताशी तीन आठवडे आहेत, पुष्कळ झाले. जो माणूस औषधाच्या दुकानात तीस वर्षं गोळ्या मोजून देतो आणि एकदाही चुकत नाही, त्याला गोल्फचा एक चेंडू सरळ मारता येऊ नये हे पटण्यासारखं नाही. तसा माझा चेंडू सरळच निघतो. शंभर यार्ड अगदी नाकासमोर. मग उजवीकडे वळतो, हाच तो स्लाइस, आणि शेजारच्या कॅरव्हान पार्कात जातो. म्हणजे पहिल्या शंभर यार्डांत दोष नाही. फक्त पुढचं बघायचं आहे.

२३ तारखेला आमच्या क्लबाचा हेरिंग कप. जोडीत एकच चेंडू, दोघांनी आळीपाळीने मारायचा. मी जिथे टाकीन तिथून डॉडने मारायचा. बावीस वर्षं मी आणि डॉड लम्सडेन जोडीने खेळतोय आणि बावीस वर्षं पहिल्याच फेरीत घरी येतोय. डॉडचं पटिंग, म्हणजे शेवटी चेंडू हळूच होलात ढकलणं, कच्चं आहे. त्याला कधी बोलून दाखवलं नाही. मैत्रीत तेवढं सांभाळून घ्यावं लागतं.

ऑक्टोबरात डॉडच्या खुब्याचं ऑपरेशन आहे. वय शहात्तर. नंतर खेळता येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे कप मिळायचा तर याच वर्षी. क्लबातल्या विजेत्यांच्या फळीवर त्याच्या आजोबांचं नाव आहे, वडिलांचं आहे. त्याचं नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट

कर्स्टी मॅथीसन दुकानात आली. शाळेत खेळ शिकवते. गेल्या वर्षी क्लबात आली आणि आता सगळ्यांत लांब तीच मारते. खोकल्याचं औषध घेतलं आणि म्हणाली, मिस्टर इम्री, रागावणार नसाल तर विचारते, यंदा डॉडबरोबर मी खेळले तर? त्यांचं हे शेवटचं वर्ष असेल तर निदान एकदा कप त्यांच्या हातात यावा. तुम्हाला डावलून त्यांना विचारणं बरं दिसत नाही.

मी म्हटलं, चालेल की, अगदी आनंदाने. मीच सांगतो त्याला. ती म्हणाली, तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात. मलाही तसंच वाटलं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

डॉड भेटला. निरोप द्यायला सवड झाली नाही. दीड तास बसलो होतो, पण विषय वेगळे होते.

गुरुवार, ७ ऑगस्ट

शांतपणे विचार केला. स्लाइस गेला तर निरोपाची गरजच उरत नाही. उगाच डॉडला पेचात कशाला टाकायचं? म्हणून आधी स्लाइस.

एका अमेरिकन माणसाचा व्हिडिओ पाहिला. सगळी चूक ग्रिपची. डावा हात थोडा आत फिरवायचा. चाळीस चेंडू मारले. वारा फार होता. वारा उजवीकडून होता हे खरं, पण इथल्या वाऱ्याचा भरवसा नाही. कॅरव्हान पार्कातून एक ग्लासगोकर माझे तीन चेंडू घेऊन आला. म्हणाला, बायको आता डोक्यावर पातेलं घेऊन कपडे वाळत घालते. हसत म्हणाला, पण परत परत म्हणाला.

शनिवार, ९ ऑगस्ट

डॉडबरोबर सराव. आठव्या होलला माझा चेंडू गॉर्सच्या काटेरी झुडपांत. डॉड खुबा धरून आत शिरला. बाहेर आला तेव्हा मनगटावर रक्त होतं. म्हणाला, काही नाही रे नॉर्मन, ही झुडपं मला नावाने ओळखतात. मला फार वाईट वाटलं. इतकं की त्याच क्षणी सगळं सांगून टाकणार होतो. पण मागची जोडी खोळंबली होती, आणि कोर्सवर दुसऱ्याचा वेळ खाणं मला आवडत नाही.

सोमवार, ११ ऑगस्ट

क्लबचे गुरुजी पेट्री यांच्याकडे शिकवणी. बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, तुम्ही चेंडू मारत नाही, पाव कापता. आणि मारण्याआधीच तो कुठे जाणार हे बघायला मान वर करता. एवढं कशाला घाबरता? मी घाबरत नाही असं सांगितलं. उपाय: उजव्या बगलेत टॉवेल, तो पडता कामा नये.

दिवसभर दुकानात बगलेत टॉवेल ठेवून उभा होतो. मिसेस डथी म्हणाल्या, गळू झालंय का? माझ्या बहिणीला तिथेच झालं होतं.

बुधवार, १३ ऑगस्ट

बेकरीत कर्स्टीने माझ्या बायकोला विचारलं, डॉड काय म्हणाले? शीनाने घरी येऊन मला विचारलं, कशाबद्दल काय म्हणाला? सांगावं लागलं. शीना म्हणाली, मग दिलास का निरोप? मी म्हटलं, दिला, तो विचार करतोय. तोंडातून कसं गेलं कळलं नाही. जेवण गेलं नाही. मासे चांगले होते.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

कर्स्टीलाही तेच सांगितलं. दोघींना वेगवेगळं सांगणं योग्य नव्हे. जोड्यांची नावं द्यायचा आज शेवटचा दिवस. क्लबातल्या कागदावर लम्सडेन आणि इम्री असं लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. टॉवेलमुळे असेल.

सोमवार, १८ ऑगस्ट

सापडलं! डावीकडे तोंड करून उभं राहायचं, थेट लाइफबोटीच्या शेडकडे. चेंडू उजवीकडे वळतो आणि मधोमध येऊन पडतो. ओळीने सहा. पेट्री म्हणाले, हा इलाज नाही, ही लपवाछपवी आहे. शिकवणी बुडेल म्हणून बोलत असावेत. मन हलकं झालं. आता निरोप दिला नाही ते डॉडच्याच भल्याचं ठरणार. तरी सकाळी रस्त्यात तो दिसला तेव्हा मी पोस्टात शिरलो. काम नव्हतं. एक पाकीट घेतलं.

शनिवार, २३ ऑगस्ट

सतराव्या होलपर्यंत बरोबरी. डॉडने लांबलांबून सात पट घातले. त्याचं पटिंग आज अचानक सुधारलं. शीनाचं म्हणणं, बावीस वर्षं ते असंच आहे.

अठरावा. पहिला फटका माझा. शेडकडे तोंड केलं. टॉवेलची आठवण केली, ग्रिप आत फिरवली, मान खाली ठेवली. चेंडू वळलाच नाही. जन्मात पहिल्यांदा सरळ गेला, शेडच्या पत्र्यावर आपटला आणि समुद्रात. एका होलने हरलो. पेट्री म्हणाले, इतका शुद्ध फटका मी तुमच्याकडून पाहिला नव्हता. डॉड हसता हसता गवतावर बसला. मग त्याला उठता येईना. मी हात दिला. त्याचा हात हातात होता आणि मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

रविवार, २४ ऑगस्ट

डॉडकडे गेलो आणि सगळं सांगितलं. कर्स्टी, निरोप, शीनाशी खोटं बोललो ते, कागदावरची नावं. तो किटलीकडे बघत होता.

म्हणाला, मला ठाऊक आहे. कागदावर आपली नावं बघून कर्स्टीच सोळा तारखेला आली, अजून बदलता येतील का म्हणाली. मी नाही म्हटलं. बावीस वर्षं नॉर्मनबरोबर खेळलो, शेवटच्या वर्षी त्याला टाकून कप घेऊन काय करू? मग आठवडाभर तुझी वाट बघितली. म्हटलं, आज येईल, उद्या येईल. येऊन सांगेल, आणि मला तोंडावर नाही म्हणता येईल. काय काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं.



मग म्हणाला, खुबा बरा झाला तर पुढच्या वर्षी कर्स्टीबरोबर खेळेन म्हणतो. मी म्हटलं, बरोबरच आहे, माझा स्लाइस. तो म्हणाला, स्लाइसचं काय घेऊन बसलास? त्याच्याबरोबर तर बावीस वर्षं काढली.

त्याने चहा ओतला. साखर किती, असं विचारलं. आजवर कधी विचारलं नव्हतं. दोन, म्हटलं.