भेंडीचं खत भाताला

२६ जुलै १९९८, वैशाखरे
डोकं फिरलंय आज! उन्हाळी भेंडीचं उरलेलं कॅल्शियम नायट्रेट मामांनी — माझ्या सासऱ्यांनी — भाताला टाकायला काढलं. "भेंडी कशी तरारली! मंग भाताला का नाय?" म्हटलं, भेंडीची जमीन मोकळी, तिथं नायट्रेट चालतं. खाचरात पाणी भरलेलं. त्या चिखलातले जंतू नायट्रेटचा वायू करून उडवून देतात. भाताला अमोनियाचं खत लागतं, अमोनियम सल्फेट टाका. मामा हसले. "पुस्तकातला भात शिजवून बघ गो, पोट भरतं का."

२७ जुलै
घाटावरच्या शेतकी शाळेत माझी निवड झाली! शिक्षिका! दिवाळीनंतर हजर व्हायचं, तिथंच राहायचं. नवऱ्याला सांगितलं. अनिल म्हणाला, "बाबांना विचार." ह्याचं नेहमीचंच — ना हो, ना नाही.
मामांनी चुलीपुढेच निकाल दिला. "एक खाचर तुझं, शेजारचं माझं. तुझं भात सरस आलं तं जा. नायतर शाळेचं नाव काढायचं नाय."
सगळ्यांसमोर मी हो म्हणाले. जीव त्या चिखलात अडकवून बसले.

३० जुलै
माझ्या खाचरात सल्फेट टाकलं, मामांनी त्यांच्यात नायट्रेट. पाणी एकमेकांत जाऊ नये म्हणून मधला बांध स्वतः लिंपला. सासूबाई — "सून सासऱ्याशी पैज लावते! गाव तोंडात शेण घालंल." घालू दे.

४ ऑगस्ट
मामांचं खाचर हिरवंगार! माझं आपलं आहे तसंच. मामा मिशीतल्या मिशीत हसताहेत.

१९ ऑगस्ट
त्यांचं पिवळं पडतंय! खालची जुनी पानं आधी. झाडाला नत्र — नायट्रोजन — कमी पडलं की ते जुन्या पानांतलं काढून कोवळ्या पानांना देतं. आमच्या घरी सासूबाई जेवतात तसंच — मागे उरलं तर.
"ऊन लागलं," मामा म्हणाले. श्रावणात ऊन! माझ्या खाचरात मात्र फुटव्यांची दाटी झालीय.

१४ सप्टेंबर
गोठा, चूल, पाणी, खाचर. पुन्हा गोठा. अंगणातून घाट चढणारी एसटी दिसते. रोज मी तिच्यात बसते, आणि रोज सासूबाईंच्या हाकेनं उतरते. गुदमरायला होतं.

२ ऑक्टोबर
दाणा भरतोय. देवा, आता वादळ नको.

२६ ऑक्टोबर
झोडणी झाली. माझी रास नुसत्या डोळ्यांनाही मोठी दिसते! मामांच्या भातात पोल — पोकळ दाणे — फार, वारवताना निम्मं उडून गेलं. ते माझ्या राशीपुढे बसले. मूठ भरून घेतली, दाणा दाताखाली फोडून पाहिला. मग म्हणाले, "हरलो गो बाय."
मी रडले. घरी येऊन बॅग झटकली.

२७ ऑक्टोबर
सकाळी मामांनी भावकीला बोलावलं. "पुढल्या सालापासून सगळी खाचरं सरिताच्या हातात. असली सून घाटावर धाडाया मी काय येडा हाय?" सासूबाईंनी मला ओवाळलं. अनिल म्हणाला, "नशीब काढलंस!"
हरले असते तर निदान ओरडता आलं असतं.